डॉक्टर होण्यापूर्वीची सेवा : काम कसे निवडावे?

बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, माझे व्याख्यान होते. ते संपल्यावर अकरावीतील एक विद्यार्थिनी आपल्या शिक्षकांबरोबर भेटायला आली. घर विक्रमगड तालुक्यातील एका पाड्यावर, शिक्षणासाठी मुक्काम पालघरच्या वसतिगृहात. डॉक्टर व्हायचे ठरलेले. अभ्यासातून आठवड्याला दोन-तीन तास काढून काहीतरी सेवाकार्य करावे, अशी तिची इच्छा होती. तिच्यापुढे तीन कामे होती. बोईसरमधील एका खासगी रुग्णालयात दर रविवारी स्वयंसेवक म्हणून जाणे, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या आरोग्य शिबिरांत भाग घेणे, किंवा महिन्यातून एकदा घरी गेल्यावर पाड्यावरच्या अंगणवाडीत मुलांची वजने घ्यायला मदत करणे. ‘‘सर, यातले कोणते करू?’’ असा तिचा प्रश्न होता.

मी घाईत होतो. गाडीची वेळ झाली होती. ‘‘डॉक्टर व्हायचे आहे ना? मग रुग्णालयात जा,’’ असे सांगून मी मोकळा झालो.

पुढच्या वर्षी त्याच सुमारास तिच्या शिक्षकांची पुन्हा गाठ पडली. मी सहज तिची चौकशी केली. ती चार रविवार रुग्णालयात गेली होती. तिला पांढरा अ‍ॅप्रन मिळाला, पण काम मिळाले नाही. भिंतीला टेकून उभे राहायचे आणि वाटेत येऊ नये म्हणून बाजूला सरकायचे, एवढेच. पाचव्या रविवारी ती गेली नाही. ‘‘आता म्हणते, वैद्यकीय क्षेत्र आपल्यासाठी नाही. नीटचा अर्जच भरायचा नाही म्हणते,’’ असे सर म्हणाले. अर्ज भरण्याची मुदत तेव्हा चालू होती.

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आहे. प्रयोगाची मांडणी चुकली तर निष्कर्षही चुकतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना रोज सांगतो. येथे मांडणी माझी चुकली होती आणि चुकीचा निष्कर्ष त्या मुलीच्या पदरी पडला होता. तिला आणि तिच्या सरांना मी एक लांबलचक पत्र लिहिले. त्या पत्राचाच हा विस्तार आहे. असे प्रश्न विचारणारे विद्यार्थी आपल्यापैकी प्रत्येकाच्या वर्गात असतात.

गुण नाहीत, म्हणून मोकळीक आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. अमेरिका, कॅनडा यांसारख्या देशांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात विद्यार्थ्याने केलेल्या सेवाकार्याचा तपशील पाहिला जातो. त्यामुळे तेथे कोणते काम अर्जात चांगले दिसेल, हा विचार निवडीत शिरतोच. आपल्याकडे एमबीबीएसचा प्रवेश नीट परीक्षेतील ७२० पैकी मिळालेल्या गुणांवरून ठरणाऱ्या गुणवत्ता क्रमानुसार होतो. शिबिरात किती तास राबलात, याला तेथे स्थान नाही.

पालक म्हणतात, ‘‘मग वेळ कशाला घालवायचा?’’ प्रश्न रास्त आहे. बारावीच्या विद्यार्थ्याचे आठवड्यातील दोन तास ही लहान गोष्ट नव्हे. परंतु याची दुसरी बाजूही पाहावी. गुण मिळत नसल्यामुळे दिखाव्यासाठी काम निवडण्याचे कारण उरत नाही. दोनच हेतू शिल्लक राहतात. एक, आपल्या कामाचा कोणाला तरी खरोखर उपयोग व्हावा. दुसरा, आजारी माणसाच्या सोबत राहणे आपल्याला जमते का, आवडते का, हे साडेपाच वर्षांच्या शिक्षणात उडी घेण्यापूर्वी कळावे. हे दोन्ही हेतू साधणारे काम कसे ओळखायचे, एवढाच प्रश्न आहे.

एकाच जिल्ह्याचे दोन चेहरे

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात आठ तालुके आहेत. पश्चिमेला रेल्वेमार्ग, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले देशातील पहिले अणुवीज केंद्र. पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याचे डोंगर आणि विखुरलेले आदिवासी पाडे. १९९२-९३च्या सुमारास जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा भाग राज्यभर चर्चेत आला होता.

याच जिल्ह्यात एका फार मोठ्या कामाचा आरंभ एका साध्या निरीक्षणातून झाला. मुले शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर पोचला आहे. त्यामागची दृष्टी अशी की, सोय आपली पाहायची नाही. काम जेथे अडले आहे तेथे जायचे. सेवाकार्य निवडतानाही हीच दृष्टी हवी.

निवडीचे चार प्रश्न

कोणतेही काम स्वीकारण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१. मी गेलो नाही तर काय अडेल? काहीच अडणार नसेल तर त्या कामात मी प्रेक्षक आहे.

२. माझ्या हातून चूक झाली तर तिची किंमत कोण मोजेल?

३. हे काम किती काळ सलग चालावे लागते, आणि मी तितका काळ येथे असेन का?

४. पुस्तकात दिसत नाही असे या कामातून मला काय दिसेल?

या चारांत ‘डॉक्टरांच्या किती जवळ उभे राहायला मिळेल?’ हा प्रश्न नाही. बहुतेक विद्यार्थी नकळत तोच विचारतात. मीही त्या दिवशी तोच विचारात घेतला होता. आता हे चार प्रश्न एकेका कामाला लावून पाहू.

रुग्णालय : जागा नव्हे, काम पाहा

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी किंवा डॉक्टरांच्या मागे उभे राहिलेला सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या प्रश्नातच नापास होतो. तो गेला काय, न गेला काय, काहीच अडत नाही. शिवाय त्याच्या उपस्थितीने रुग्णाला संकोच होतो, तो वेगळाच.

पण याच रुग्णालयात दुसरी एक जागा असते. केसपेपरच्या खिडकीपासून औषधाच्या खिडकीपर्यंतची. डोंगरातून आलेल्या म्हातारीला कोणत्या रांगेत उभे राहायचे ते कळत नाही. डॉक्टर शहरी मराठीत किंवा हिंदीत बोलतात, ती वारली बोलीत उत्तर देते. ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ या सूचनेचा अर्थ, दिवसातून एकदाच जेवणाऱ्या माणसाने काय लावायचा? ज्या मुलीच्या घरी वारली बोलली जाते, ती या दोघांमध्ये बसली तर डॉक्टरांना दुखणे नीट कळते आणि म्हातारीला औषध. हे काम तेथील अनुभवी परिचारिकेलाही कदाचित जमणार नाही. येथे मुलगी नसेल तर नक्की अडेल.

म्हणजे रुग्णालय हा पर्याय वाईट नव्हता. तेथील कोणते काम, हे न विचारता मी तिला पाठवले, ही चूक होती. आपल्याजवळ असे काय आहे, जे तेथील दुसऱ्या कोणाजवळ नाही? बोली, पाड्याची ओळख, गणित, सुवाच्य अक्षर, सायकल, काहीही असेल. त्या गोष्टीला जेथे गिऱ्हाईक आहे, ते आपले काम.

रक्तदान शिबिर की रक्तदात्यांची यादी?

राष्ट्रीय सेवा योजनेचे सर्वांत लोकप्रिय काम म्हणजे रक्तदान शिबिर. अकरावी-बारावीतील बहुतेक विद्यार्थी स्वतः रक्त देऊ शकत नाहीत, कारण त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि वजन किमान ४५ किलो असावे लागते. मग ते फलक रंगवतात, बिस्किटे वाटतात. यापेक्षा अधिक उपयोगाचे काम कोणते? थोडे गणित करू.

साठवणीच्या द्रवानुसार तांबड्या पेशींची पिशवी थंड जागी ३५ ते ४२ दिवस टिकते. रक्तबिंबिका तर साधारण पाचच दिवस टिकतात. समजा, एका लहान रक्तपेढीला एका विशिष्ट गटाच्या आठवड्याला चार पिशव्या लागतात. वर्षाला ५२ × ४ = २०८ पिशव्या झाल्या. एखाद्या मोठ्या शिबिरात एकाच दिवशी या २०८ पिशव्या जमा झाल्या तर काय होईल? ४२ दिवस म्हणजे सहा आठवडे. तेवढ्या काळात ६ × ४ = २४ पिशव्या वापरल्या जातील. उरलेल्या १८४ वेळेत दुसऱ्या रक्तपेढीकडे गेल्या नाहीत तर त्यांची मुदत संपेल, आणि सातव्या आठवड्यात पुन्हा ‘रक्त हवे आहे’ असा निरोप येईल.

आता दुसरी रीत. निरोगी पुरुष तीन महिन्यांनी आणि स्त्री चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकते. प्रत्येकाने वर्षातून तीनदा दिले असे धरले, तर २०८ पिशव्यांसाठी सुमारे ७० दाते पुरतात. मात्र त्यांना पाळीपाळीने बोलवावे लागते. कोणी, कधी दिले, पुन्हा कधी देता येईल, याची वही ठेवावी लागते आणि फोन करावे लागतात. सुट्ट्यांत महाविद्यालये बंद असतात आणि दाते गावी जातात, तेव्हा तर ही वही फारच मोलाची ठरते. वय १७ असलेला विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतो. शिबिराच्या छायाचित्रात तो दिसणार नाही, पण तो नसेल तर साखळी तुटेल.

सिकलसेल : अर्धवट माहितीची किंमत

पालघरच्या आदिवासी भागात सिकलसेल आजाराच्या तपासणीची शिबिरे होतात. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. अशा शिबिरात विद्यार्थी स्वयंसेवकांना हमखास काम मिळते. परंतु दुसरा प्रश्न, म्हणजे चुकीची किंमत कोण मोजतो हा, येथेच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलामुळे प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि सहसा निरोगी आयुष्य जगते.

शिबिरात प्रथम जी सोपी विद्राव्यता चाचणी करतात, तिच्यात थोड्याशा रक्ताने द्रावण गढूळ झाले की चाचणी होकारार्थी मानतात. पण द्रावण रुग्णाच्या रक्तानेही गढूळ होते आणि वाहकाच्या रक्तानेही. दोघांतील फरक कळण्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. आता कल्पना करा, एखादा उत्साही स्वयंसेवक रांगेतच एका मुलीच्या आईला सांगतो, ‘‘हिला सिकलसेल निघाला.’’ मुलगी कदाचित केवळ वाहक असेल. पण संध्याकाळपर्यंत ती बातमी सगळ्या पाड्यावर पसरते आणि तिच्या लग्नापर्यंत तिचा पाठलाग करते. चूक स्वयंसेवकाची, किंमत त्या मुलीने मोजायची.

म्हणून शिबिरात निकाल सांगणे हे विद्यार्थ्याचे काम नाही. मग कोणते काम योग्य? शिबिराचे सर्वांत कच्चे दुवे दोन असतात, सुरुवातीची नोंद आणि शेवटचा अहवाल. एकाच पाड्यावर एकाच नावाच्या दोन-तीन व्यक्ती असू शकतात. वडिलांचे नाव, पाड्याचे नाव, वय नीट लिहिले नाही तर एकीचा अहवाल दुसरीला जातो. पुढच्या तपासणीचा अहवाल आल्यावर तो बंद पाकिटात योग्य घरी पोचला का आणि ते कुटुंब समुपदेशकाकडे गेले का, हे आशाताईंबरोबर राहून पाहणारा कोणीतरी लागतो. एक दिवसाच्या शिबिरापेक्षा पुढचे दोन महिने महत्त्वाचे असतात.

वर्गातही या विषयाचे एक काम आहे. दोन वाहक आईवडिलांच्या प्रत्येक अपत्याला आजार असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. पुष्कळ लोक याचा अर्थ ‘चारांतील एकाला झाला की उरलेले तिघे सुटले’ असा घेतात. हे चूक आहे, कारण प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. विद्यार्थ्यांना दोन नाणी एकत्र उडवायला सांगा. दोन्ही छापे म्हणजे आजार, एक छापा म्हणजे वाहक. चार-चार फेकींचे गट करून वहीत मांडा. कोणत्या गटात दोन छापे एकदाही आलेले नसतील, कोणत्यात दोनदा आलेले असतील. हे ज्याने स्वतः पाहिले आहे, तोच समुपदेशकाचे बोलणे घरच्या भाषेत नीट पोचवू शकेल.

वजनकाट्यापाशी

आता त्या मुलीचा तिसरा पर्याय, अंगणवाडीतील वजने. तिघांमध्ये हा सर्वांत साधा, अगदी कंटाळवाणा वाटणारा. माझ्या मते तिच्यासाठी तोच सर्वांत चांगला होता. का, ते पाहू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो आणि दोन वर्षांच्या मुलाचे १२.२ किलो असते. मुलींचे आकडे ८.९ आणि ११.५ किलो आहेत. दोघांचीही वर्षभरातील वाढ २.६ किलो, म्हणजे महिन्याला सरासरी सुमारे २१५ ग्रॅम. आता वजनकाटाच २०० ग्रॅम जास्त दाखवत असेल तर? किंवा एका महिन्यात मूल उघड्या अंगाने आणि पुढच्या महिन्यात स्वेटर, करगोटा, वाळे यांसह तोलले असेल तर? महिनाभरात मूल मुळीच वाढले नाही, ही धोक्याची सूचना त्या चुकीत बुडून जाते. नोंद आज मोबाइलमधील पोषण ट्रॅकरवर होते, पण ते यंत्र आपण भरू तो आकडा मुकाट्याने घेते. काटा खरा की खोटा, हे त्याला कळत नाही.

बारावीच्या भौतिकशास्त्राला येथे काम मिळते. पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या पाच बाटल्या घ्या. किराणा दुकानातील चांगल्या काट्यावर त्या तोलून प्रत्येकीवर वजन लिहा. वजने घेण्याच्या दिवशी आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहा. मग एक, दोन, तीन अशा बाटल्या चढवत काट्याचे आकडे लिहा. काटा सगळीकडे सारखाच चुकतो, की वजन वाढेल तशी चूकही वाढते? पहिली चूक शून्य जुळवून जाते, दुसरीसाठी काटा दुरुस्तीला द्यावा लागतो. उपकरणातील दोषाचा हा धडा प्रयोगशाळेत आपण शिकवतोच. येथे त्यावर एका मुलाचा आहार ठरणार असतो.

वजनाबरोबर दंडाचा घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल अतितीव्र कुपोषित समजतात आणि त्याला आरोग्य केंद्राकडे पाठवतात. पट्टी किती आवळली, यावर काही मिलिमीटरचा फरक सहज पडतो. एकाच मुलाचा घेर दोघांनी, एकमेकांचा आकडा न पाहता मोजावा. ही सवय लागली की मोजमापात शिस्त येते.

तिसरा प्रश्न काळाचा. एका महिन्याच्या वजनाला फारसा अर्थ नसतो. सहा-आठ महिन्यांची रेषा बोलू लागते. या मुलीला दोन वर्षे महिन्यातून एकदा घरी जायचेच होते. काम आणि कामाचा काळ आपोआप जुळत होता. याउलट क्षयरोग्याला सहा महिने रोज औषध घेण्यासाठी सोबत करणे हे फार मोलाचे काम असले तरी, परीक्षेच्या दोन महिने आधी ते सोडणारा विद्यार्थी रुग्णाचे नुकसान करतो. सुरुवातीच्या औषधांनी खोकला थांबतो, रुग्णाला बरे वाटते. पण संथपणे वाढणारे जीवाणू शरीरात शिल्लक असतात. औषध सुटण्याचा धोका असतो तो नेमका याच टप्प्यात. जे काम पुरे करता येणार नाही ते सुरूच न करणे, हाही प्रामाणिकपणा आहे.

चौथा प्रश्न, काय दिसेल? जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. वहीत त्यांच्या मुलांपुढे रिकामी जागा राहते. ती रिकामी जागा पाहणे हेच मोठे शिक्षण आहे. हजर मुलांच्या वजनांची सरासरी सुधारलेली दिसेल, कारण सर्वांत अशक्त मुले कदाचित मोजायलाच आलेली नसतील. आजाराचे कारण शरीराइतकेच घरातल्या मजुरीत आणि ऋतूत असते, हे वैद्यकीय महाविद्यालयात कळेपर्यंत बरीच वर्षे जातात. तिला ते सतराव्या वर्षी कळले असते.

वैद्यकीय शिक्षणही आता याच दिशेने आले आहे. २०२१-२२च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा लागतो. महाराष्ट्राला तर ही गोष्ट नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड परिसरात गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. या स्त्रियांनी काटेकोर मोजले, नियमाने घरी गेल्या आणि धोक्याची खूण वेळेत ओळखली.

बोईसरच्या मुलांसाठी

पाड्यावर घर नसलेल्या, बोईसरच्या चाळींत वा वसाहतींत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी काय करावे? त्यांच्या शेजारी रासायनिक कारखाने आहेत. वायुगळती झाली तर काय करायचे, हे किती घरांना माहीत आहे? २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये पुष्कळ लोक वाऱ्याच्याच दिशेने धावले आणि विषारी वायूतच राहिले. अशा वेळी वाऱ्याला आडवे, म्हणजे त्याच्या दिशेशी काटकोनात, बाहेर पडायचे असते किंवा प्रशासनाच्या सूचनेनुसार दारे-खिडक्या बंद करून घरात थांबायचे असते.

आपत्तीच्या जागी धावून जाणे हे अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याचे काम नव्हे. ‘आपदा मित्र’ योजनेचे प्रशिक्षणही १८ ते ४० वयोगटासाठी आहे. परंतु आपल्या चाळीत चालता न येणारे वृद्ध, अपंग, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया कोणत्या खोलीत आहेत याची यादी करणे, ती दर तीन महिन्यांनी सुधारणे आणि अशा वेळी त्यांना कोण उचलून नेणार हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवणे, हे त्याला सहज जमते. बाहेरून आलेल्या पथकाजवळ ही माहिती नसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेही स्वच्छ मिळते.

काही मर्यादा

कोणतेही काम असो, काही गोष्टी विद्यार्थ्याने करू नयेत. कोणी आग्रह केला तरी टोचणे, रक्त काढणे, जखम शिवणे, औषध सुचवणे नाही. रुग्णाचे नाव, आजार, छायाचित्र मित्रांत किंवा मोबाइलवर पसरवणे नाही. संसर्गजन्य रुग्णाजवळ पालकांच्या संमतीशिवाय आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या सूचनेशिवाय जाणे नाही. ‘शिकायला मिळेल’ म्हणून गरीब रुग्णाच्या अंगावर हात चालवून पाहणे ही सेवा नव्हे. चुकीची किंमत त्याने मोजावी आणि अनुभव आपण घ्यावा, असा तो व्यवहार होतो.

शिक्षकांनी काय करावे?

शिक्षकमित्रांनो, विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला तर माझ्यासारखे चटकन उत्तर देऊ नका. त्याला चार प्रश्न द्या आणि प्रत्येक कामापुढे दोन-दोन ओळी लिहून आणायला सांगा. काम सुरू करण्यापूर्वी तेथील जबाबदार व्यक्तीला एकदा भेटा आणि ‘याने नेमके काय करायचे?’ हे विचारून घ्या. उत्तर ‘बघेल, शिकेल’ असे आले तर दुसरे काम शोधा. सुरुवातीलाच मुदत ठरवा, उदाहरणार्थ सहा महिने, महिन्यातून दोनदा. एक वही ठेवायला लावा. तीत आज काय केले, काय मोजले, काय कळले नाही, एवढेच लिहायचे.

मुदत संपल्यावर ती वही घेऊन त्याच्याशी बोला. ‘हे मला जमणार नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर तोही मोलाचा समजा. साडेपाच वर्षांनी कळण्यापेक्षा सहा महिन्यांत कळलेले बरे. फक्त एक तपासून घ्या. तो निष्कर्ष आजारी माणसांच्या सहवासातून निघाला आहे, की भिंतीला टेकून उभे राहिल्यामुळे? पहिला असेल तर मान्य करा. दुसरा असेल तर प्रयोग पुन्हा मांडा.

त्या मुलीच्या सरांचे होळीनंतर पत्र आले. सणाला ती घरी गेली होती. पाण्याच्या पाच बाटल्या घेऊन अंगणवाडीत गेली, तर काटा रिकामा असतानाच ३०० ग्रॅम दाखवत होता. अंगणवाडीताईंनी तिच्याबरोबर बसून जुन्या नोंदी पुन्हा पाहिल्या आणि दोन मुलांना तपासणीसाठी आरोग्य केंद्रात नेले. नीटचा अर्ज मुदतीत भरला होता, हेही सरांनी त्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते.